दोनशे बारा हिरव्या ओळी

सकाळी साडेआठला सर्व्हर बंद होता, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दोनशे बारा हिरव्या ओळी होत्या. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं. शिडीवर उभ्या असलेल्या इलेक्ट्रिशियनने तिला पाहून सांगितलं, "बाई, नऊपर्यंत काही चालायचं नाही हं. आतल्या खोलीतलं सगळं मी सातलाच बंद केलंय," आणि पुन्हा छताच्या भोकात डोकं खुपसलं. ती खांद्यावरची पर्सही न काढता पडद्याकडे बघत राहिली. रोज आठ वाजता, माणसं यायच्या आत, तिच्या टेबलाखालचं यंत्र आपणहून जागं व्हायचं, आतल्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर उघडायचं, त्यातली बटणं दाबायचं, रकाने भरायचं, उत्तरं बरोबर आली का बघायचं आणि प्रत्येक तपासणीपुढे हिरवी नाहीतर लाल ओळ उमटवायचं. हे सगळं त्याला तिनेच शिकवलं होतं. आज आठ वाजता उघडायला सॉफ्टवेअरच नव्हतं, दाबायला बटणच नव्हतं, आणि तरी पठ्ठ्याने दोनशे बारापैकी दोनशे बारा उत्तीर्ण असं पत्र सगळ्या कंपनीला धाडून दिलं होतं. पत्राच्या तळाशी लागलेला वेळ होता. रोज चाळीस मिनिटं लागत, आज चार लागली होती. ती तळाची ओळ कुणी वाचत नाही. तिने वाचली.

तिला ऑफिसात भिंग म्हणत. कौतुकाने म्हणत, निदान सुरुवातीला तरी. एकोणीस वर्षं तिने हाताने तपासण्या केल्या होत्या. रुग्णालयांत वापरायचं सॉफ्टवेअर होतं. त्यात नर्सने रुग्णाचं वजन भरायचं, डॉक्टरने औषध निवडायचं, मात्रा किती ते पडद्यावर यायचं. प्रोग्रामरने नवं काही बनवलं की ते आधी भिंगाच्या टेबलावर यायचं. ती वजनाच्या रकान्यात शून्य भरायची, नव्वद हजार भरायची, वजनाच्या जागी नाव भरायची, अर्धं भरून उठून पाणी पिऊन यायची आणि मग उरलेलं भरायची. नर्सला कुणीतरी मधेच हाक मारणार, हे तिला ठाऊक होतं. पाणी पिऊन आल्यावरच निम्म्या चुका सापडत. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, तिला ते अंगातून यायचं. आणि मग एके दिवशी मॅनेजरने काचेच्या खोलीत सगळ्यांना बसवून सांगितलं की हाताने तपासायचे दिवस गेले, तीन महिन्यांत जे शिकतील ते राहतील, बाकीच्यांना इतर विभागात सामावून घ्यायचा प्रयत्न केला जाईल. 'प्रयत्न' या शब्दावर तो किंचित खोकला. भिंगाला ते खोकणंसुद्धा दिसलं.

मग ती शिकायला बसली. चव्वेचाळिसाव्या वर्षी, कानात हेडफोनची बोंडं घालून, अर्ध्या रिकाम्या ऑफिसात तासभर आधी येऊन ती पडद्यावरच्या एका हसऱ्या तरुणाचं ऐकायची. तो दर तीन वाक्यांनी "एकदम सोपं आहे" म्हणायचा. त्याचं सोपं आणि तिचं सोपं यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. तो बटण दाब म्हणून लिहायचा आणि बटण दाबलं जायचं. ती तेच अक्षरन् अक्षर लिहायची आणि लाल अक्षरांची माळ यायची: बटण सापडलं नाही. समोर तर होतं! तिला दिसत होतं, बोट लावून दाखवता येत होतं. एकोणीस वर्षं ज्या बटणावर तिने माऊस नेऊन टिचक्या मारल्या ते बटण यंत्राला दिसेना. नऊ दिवस तिची पहिली टेस्ट, म्हणजे यंत्राने करायची तपासणी, लाल होती. जेवताना लाल, बसमध्ये लाल, डोळे मिटले तरी लाल. शेवटी तिने आजोबांना गाठलं.

आजोबा बावन्न वर्षांचे होते, पण या धंद्यात बावन्न म्हणजे आजोबाच. ते जुने प्रोग्रामर. त्यांच्याकडे आता असं काम राहिलं होतं की ज्याला कुणी हात लावत नाही आणि ज्याच्याशिवाय काही चालत नाही. दुपारी डबा झाला की ते जिन्यात, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, खिडकीच्या कठड्याला टेकून बसत. तिथे त्यांनी तिला वीस वीस मिनिटं शिकवायला घेतलं. कागद म्हणजे जुन्या छापील पानांची पाठची कोरी बाजू. "यंत्राला डोळे नसतात," ते म्हणाले, "त्याला बटण पानावर नेमकं कुठे आहे त्याचा पत्ता लागतो. आणि तू घाई करतेस. पान उघडायच्या आत बटण शोधायला लावतेस बिचाऱ्याला." आणि पहिल्याच दिवशी त्यांनी पानावर एक वाक्य लिहून त्याला चौकट केली. "आधी प्रत्येक टेस्ट नापास होताना बघायची. मुद्दाम चुकीचं उत्तर मागायचं आणि ती लाल होते का ते बघायचं. जी टेस्ट कधी लाल झालीच नाही, तिचं हिरवं काय उपयोगाचं?" तिने मान हलवली. मनात आलं, लाल मी नऊ दिवस बघतेय, आता आणखी मुद्दाम बघू?

दहाव्या दिवशी तिला चार ओळी सापडल्या. कुठल्याशा चर्चेच्या पानावर कुणीतरी कुणाला तरी उत्तर दिलं होतं: तात्पुरतं हे करून बघ. त्या चार ओळींचा अर्थ असा की आत जे चाललंय ते चालू दे, वाटेत काही चूक झाली तर ती धर, तिचं काही करू नकोस, आणि पुढे जा. तिने त्या टेस्टच्या भोवती बसवल्या. हिरवं. एकदम हिरवं. ती खुर्चीवरून उठली, एकटीच खिडकीपर्यंत गेली आणि परत आली, डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही येत होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईने, अकरा वर्षं शेजारी बसत आलेल्या शेजारणीने, मान वर करून विचारलं, "जमलं गं?" आणि ती म्हणाली, "जमलं." तात्पुरतंच होतं ते. पण दुसरी टेस्ट पहिलीवरून केली, तिसरी दुसरीवरून, आणि मग तिने सगळ्यांचा मिळून एक साचा केला. त्या चार ओळी साच्यातच गेल्या. आजोबांनी एकदा विचारलंही, "नापास करून बघतेस ना?" आणि ती म्हणाली, "बघते की." खोटं बोलायचं असं ठरवून ती बोलली नव्हती. तोंडातून आलं आणि गेलं.

आता पडद्यासमोर उभी असताना तिने स्वतःला विचारलं की तुला हे माहीत नव्हतं का. प्रामाणिक उत्तर असं होतं की माहीत होतं आणि नव्हतं. घरात एखादा खण असतो, ज्यात काय आहे ते आपण विसरत नाही पण तो उघडतही नाही. अशा खणांची तिला लहानपणापासून सवय. वडिलांचा हात कधी उठला नाही, पण वस्तू उठत. एकदा जेवताना काचेची बशी भिंतीवर गेली. आई उठली, तुकडे गोळा केले, फरशी पुसली, परत येऊन बसली आणि म्हणाली, "काही नाही झालं. जेवा." सगळे जेवले. ती आठ वर्षांची होती आणि तिला कपाटाच्या पायाशी एक तुकडा दिसत होता, बोटाच्या पेराएवढा, उभा. जेवण होईपर्यंत तिची नजर त्याच्यावर होती. तिने सांगितलं नाही. काही नाही झालं असं आईने म्हटल्यावर तुकडा आहे असं कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी तो आईच्या टाचेत गेला. फरशीवर रक्ताचे ठिपके न्हाणीपर्यंत गेले होते, आणि टाच धरून बसलेली आई तिच्याकडे बघून म्हणाली, "काही नाही गं, जा तू शाळेत." लोक विचारत, तुला एवढ्या बारीक चुका कशा दिसतात? ती हसून वेळ मारून नेई.

साडेनऊला माणसं आली, सर्व्हर सुरू झाला होता, इलेक्ट्रिशियन शिडी उचलून गेला होता. मॅनेजर हातात कॉफीचा पेला घेऊन तिच्या टेबलापाशी थांबला. तो छत्तिशीचा, चांगला माणूस होता, ओरडत नसे, वाढदिवस लक्षात ठेवत असे. "दोनशे बारा! मॅडम, तुम्ही कमालच केलीत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आज चारला रुग्णालयांना नवी आवृत्ती पाठवतोय. तुमची सही झाली की लगेच. आणि एक आनंदाची बातमी. दुसऱ्या शाखेतल्या लोकांना तुम्हीच शिकवणार आहात. मी वर कळवलंय." टाळ्या वाजल्या. तिला हरभऱ्याच्या झाडावर असं काही चढवलं होतं की खाली बघायचीही भीती वाटावी. या ऑफिसात पूर्वी सहा टेस्टर असत. आता ती एकटी होती. शेजारणीचं टेबल मागच्या महिन्यात रिकामं झालं. त्यावर अजून तिच्या पेल्याचा गोल डाग आहे. जायच्या आधीच्या आठवड्यात ती म्हणाली होती, "अगं, मलाही दाखव ना ते तुझं यंत्र कसं चालवतेस," आणि भिंग म्हणाली होती, "पुढच्या आठवड्यात नक्की." दाखवलं असतं तर शेजारणीने पहिला प्रश्न विचारला असता तो या चार ओळींबद्दल. ती तशी मंद होती शिकायला, आणि मंद माणसं नेमकं तेच विचारतात. म्हणून दाखवलं नाही. हेही तिला आत्ताच, टाळ्या वाजत असताना कळलं.

दुपारी ती जिन्यात गेली. आजोबा सफरचंद कापत होते, लहान चाकूने, फोडी सगळ्या एकसारख्या. तिने सर्व्हरचं सांगितलं, चार मिनिटांचं सांगितलं, साच्याचं सांगितलं. त्यांनी एक फोड तिच्यापुढे धरली, तिने घेतली नाही. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी जे गेलं रुग्णालयांत..."

"त्यालाही माझीच सही आहे."

त्यांनी चाकू पुसून बाजूला ठेवला. खालच्या मजल्यावर कुणाचातरी दरवाजा उघडला, मिटला. तिला वाटलं, रागावतील, निदान चौकटीतल्या वाक्याची आठवण देतील. ते म्हणाले, "तू मला काय विचारायला आलीस ते आधी ठरव. काय करायचं ते विचारतेस, की कुणाला कळू न देता कसं निस्तरायचं ते?" ती यातलं दुसरंच विचारायला आली होती. निस्तरता येण्यासारखं होतंही. चार ओळी काढायच्या, एक एक टेस्ट गुपचूप दुरुस्त करायची, महिना लागेल, दोन लागतील, तोवर साडेनऊच्या टाळ्या घेत राहायच्या. तिने सबंध सकाळ हाच हिशेब मांडला होता. "मुलगी दहावीत आहे माझी," ती म्हणाली. याचा आणि त्याचा काय संबंध ते तिला सांगता आलं नसतं. आजोबांनी मान हलवली. "माझी नोकरी अशी पणाला लागली असती तर मीही जिन्यातच येऊन बसलो असतो," ते म्हणाले, आणि उरलेल्या फोडी डब्यात भरून झाकण लावलं.

टेबलावर परत आल्यावर तिने साचा उघडला. चार ओळी तिथेच होत्या, निरुपद्रवी, नीटनेटक्या, तिने त्यांच्या डोक्यावर स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलेलं होतं: तात्पुरतं. त्या खोडायला दोन सेकंद लागले. मग तिने यंत्र सुरू केलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. पहिल्या ओळी हिरव्या आल्या. तिला भलती आशा वाटली, की कदाचित सगळं बरोबरच असेल, चार ओळी होत्या पण त्यांना धरायला काही सापडलंच नसेल, देव करो आणि तसं असो. खरं तपासायला वेळ लागतो. मिनिटाला पाच ओळी, सहा ओळी. सतरा हिरव्या, अठरा हिरव्या. एकोणिसावी लाल. विसावी हिरवी. चोविसावी लाल, पंचविसावी लाल. तिने नजर वळवली नाही. बहुतेक लाल ओळी तिच्याच अडाणीपणाच्या होत्या, पत्ते चुकलेले, घाई झालेली. तिने एकेक उघडून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. एकतिसावी तशी नव्हती.

एकतिसाव्या तपासणीत नर्स एका रुग्णाचं वजन भरते, मधेच तिला हाक येते, ती परत येऊन दुसऱ्या रुग्णाचं पान उघडते. ही तपासणी यंत्राला शिकवताना तिला स्वतःचं पाणी पिऊन येणं आठवलं होतं आणि तिने ते हौसेने घातलं होतं. दुसऱ्या रुग्णाचं पान उघडलं की वजनाचा रकाना रिकामा हवा. तो रिकामा नव्हता. त्यात पहिल्या रुग्णाचं वजन तसंच होतं. तिने यंत्र थांबवलं नाही, शेजारच्या पडद्यावर स्वतः सॉफ्टवेअर उघडलं आणि हाताने करून पाहिलं. मोठ्या माणसाचं वजन भरलं, चौऱ्याहत्तर. उठली, पाण्यापर्यंत गेली, परत आली. चार वर्षांच्या मुलीचं पान उघडलं. चौऱ्याहत्तर. औषध निवडलं. मात्रा आली, मोठ्या माणसाची, ठळक अक्षरांत, कुठे काही तक्रार नाही. जुन्या दिवसांत ही चूक तिला पहिल्या तासात सापडली असती. तीन आठवडे ही रुग्णालयांत होती, तिच्या सहीने. कुठल्या वॉर्डात कुठल्या नर्सला कुणी हाक मारली असेल, आणि परत आल्यावर तिचं लक्ष गेलं असेल की नसेल? बहुतेक गेलं असेल. नर्सा हुशार असतात. असं ती स्वतःला सांगत राहिली.

सव्वातीनला मॅनेजर आला, उभ्या उभ्याच म्हणाला, "मॅडम, सही? लोक वाट बघतायत." मग त्याला तिचा पडदा दिसला. लाल, हिरवं, लाल. "हे काय आहे?" तिने सांगितलं, सगळं, सर्व्हरपासून एकतिसाव्यापर्यंत, मधे न थांबता, आणि तो ऐकता ऐकता शेजारणीच्या रिकाम्या खुर्चीत बसला. "मागच्या वेळीसुद्धा?" त्याने आवाज खाली आणून विचारलं.

"मागच्या वेळीसुद्धा."

त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या चांगल्या माणसाइतकं समजूतदार कुणी नसतं. "ऐका," तो म्हणाला, "तुम्ही माणूस आहात, चूक होते. वर कळलं तर तुम्हीही जाल, मीही जाईन. पाच माणसं आपण कमी केली या हिरव्या ओळींवर. तुम्ही आज सही करा. ही वजनाची भानगड आपण पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू, दहा दिवसांत, आठ दिवसांत. तीन आठवडे काही झालं का? नाही ना? कुणाची तक्रार आली? नाही. मग झालं तर." त्याने तिच्याकडे जवळजवळ मायेने पाहिलं. "काही नाही झालेलं, मॅडम."

तिला कपाटाचा पाय दिसला. बशीचा तो उभा तुकडा दिसला, इतका स्पष्ट की हात पुढे करून उचलावा. सगळे जेवत होते. किती वर्षं ती त्याच्याकडे नुसतीच बघत राहिली होती! सुटका म्हणावी असं यात काहीच नव्हतं. सही केली तर रोज सकाळी आठला ही चौऱ्याहत्तर किलोची चार वर्षांची मुलगी तिच्या टेबलाखाली जागी होणार होती. नाही केली तर शेजारणीसारखं खोकं घेऊन लिफ्टमध्ये उभं राहायचं, आणि तेही लाज घेऊन. दोन्हीकडून दार बंदच होतं. फक्त एका दाराआड तुकडा होता आणि तो तिला माहीत होता. सहीच्या पानावर दोन बटणं असतात, मान्य आणि अमान्य. अमान्यचं बटण तिने तीन महिन्यांत दाबलं नव्हतं. दाबलं की कारण विचारणारी चौकट येते आणि त्यात लिहिलेलं सगळ्यांना जातं, वरच्यांना, दुसऱ्या शाखेला, रुग्णालयांच्या प्रतिनिधींनाही. तिने लिहिलं की एका रुग्णाचं वजन दुसऱ्याला लागतं आहे, आत्ता वापरात असलेल्या आवृत्तीतही, रुग्णालयांना ताबडतोब कळवावं. मग थांबून आणखी लिहिलं की माझ्या दोनशे बारा तपासण्या सुरुवातीपासून चुका लपवत होत्या, ते मी केलं आहे. मॅनेजर म्हणाला, "थांबा, मॅडम, एक मिनिट, एक मिनिट," आणि तिने दाबलं.  तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि काचेच्या खोलीत जाऊन फोन कानाला लावला.

पावणेचारला तिचाही फोन वाजला. नवऱ्याचा होता. तो एका फर्निचरच्या गोदामात माल मोजून घेतो, चहाच्या सुट्टीत रोज याच वेळी फोन करतो. सतरा वर्षं करतो आहे. रोज तेच: सगळं ठीक? ठीक, तुझं? ठीक. ठेवते. फोन ठेवल्यावर पडद्यावर वेळ उमटतो, अकरा सेकंद, कधी बारा, कधी नऊ. तो आकडा ती रोज वाचायची आणि त्याचंही तिने कधी काही केलं नव्हतं. तिच्या यंत्रावर ओळी येतच होत्या, एकशे त्रेसष्ट, एकशे चौसष्ट लाल. तिने फोन उचलला.

"सगळं ठीक?" तो म्हणाला.

तोंडात शब्द तयार होता. जिभेवर आला, दातांपर्यंत आला. "नाही," ती म्हणाली.

पलीकडे माल उतरवण्याचा आवाज येत होता, लाकडावर लाकूड घासल्याचा. कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने उत्तर दिलं नाही. तो दाराबाहेर आला असावा, कारण आवाज कमी झाला आणि त्याचा श्वास ऐकू यायला लागला. तिला वाटलं, आता विचारेल काय झालं, आणि मग सगळं सांगावं लागेल, सर्व्हरपासून.

"माझंही नाही," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले."

तिने फोन कानापासून काढून पडद्याकडे पाहिलं. चाळीस सेकंद. एक्केचाळीस. पुन्हा कानाला लावला. दोघंही बोलत नव्हते आणि दोघांनीही ठेवला नाही.